जाता जाता करायची कामं

टेलिफोनची लाइन मध्येच तुटणं ही फारशी नवलाची गोष्ट नव्हती, त्या काळात व्हीआय हा एडिटर घडला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय हा विद्यार्थी तो लिहीत होता. ३०० बॉडच्या मोडेमवरूनही तो वापरता यावा, असा त्याचा हट्ट होता. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. त्या काळच्या टर्मिनलच्या पडद्यावर ८० रकान्यांच्या २४ ओळी मावत, तेव्हा एक पडदा पूर्ण भरायला मिनिटाहून जास्त वेळ लागे. अशा संथ तारेवरून कोणी दोन तास बसून प्रोग्रॅम लिहावा आणि शेवटी लाइन तुटावी, म्हणजे त्या माणसाची काय गत होत असेल ते सांगायला नको.

लाइन तुटली की युनिक्स त्या टर्मिनलवर चालू असलेल्या प्रोग्रॅमना ‘हँगअप’ नावाचा सिग्नल पाठवतं. त्याचा क्रमांक १. सिग्नलकडे लक्ष न देणारा प्रोग्रॅम तिथल्या तिथे मरतो. व्हीआय मात्र तो सिग्नल पकडायचा आणि मरण्यापूर्वी एक काम उरकायचा. अर्धवट मजकुराची तात्पुरती फाइल तो एका मदतनीस प्रोग्रॅमच्या हवाली करी, तो ती सुरक्षित जागी ठेवी आणि वापरणाऱ्याच्या नावे एक मेल टाकी: तुमचा मजकूर जपून ठेवला आहे, अमुक कमांड देऊन परत मिळवा. दुसऱ्या दिवशी लॉगिन करावं तर टपालात आपल्याच हरवलेल्या मजकुराची खबर.

पण लाइन न तुटता संगणकच कोसळला तर? तेव्हा व्हीआयला शेवटचा श्वास घ्यायचीही सवड नसे. म्हणून तोच मदतनीस यंत्र पुन्हा सुरू होताना आपण होऊन चालवला जाई. तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये अशी अनाथ फाइल राहिली आहे का ते तो शोधी आणि सापडली की तसाच मेल पाठवी. एकाच कामाच्या या दोन वेगळ्या व्यवस्था होत्या. निघणाऱ्याला निघताना करता येईल ते त्याने करावं, आणि त्याला जमणार नाही ते मागे राहणाऱ्याने. एडिटर बंद होताना आपली एखादी कमांड आपोआप चालावी असं ज्याला वाटतं, त्याला आजही आधी हेच ठरवावं लागतं की काम कोणाच्या गळ्यात घालायचं.

एडिटर म्हणजे इथे वर्डसारखा सजावटीचा प्रोग्रॅम नव्हे. प्रोग्रॅमर, सर्व्हर सांभाळणारे आणि लाटेकमध्ये प्रबंध लिहिणारे विद्यार्थी दिवसभर उघडी ठेवतात ती साधा मजकूर लिहायची हत्यारं: व्हीआयचा वारसदार व्हिम, ईमॅक्स, नॅनो, व्हीएस कोड. यांतल्या जुन्या दोघांत, म्हणजे व्हिम आणि ईमॅक्समध्ये, वापरणाऱ्याला ‘अमुक घडलं की तमुक कर’ असं सांगून ठेवता येतं. व्हिममध्ये त्याला ऑटोकमांड म्हणतात, ईमॅक्समध्ये हूक. फाइल उघडली, सेव्ह झाली, खिडकी बदलली, टाइप करता करता हात थांबला, अशा शेकडो प्रसंगांना कमांड टांगता येते. ‘बंद होताना’ हा त्यातलाच एक प्रसंग वाटतो, पण तो एक नाही.

मराठी घरातला पाहुणा एका झटक्यात जात नाही. ‘बरं, निघतो’ म्हणून तो बसूनच राहतो, मग उठतो, चपला घालता घालता नवा विषय निघतो आणि फाटकापाशी आणखी दहा मिनिटं जातात. व्हिमही असाच टप्प्याटप्प्याने निघतो. बंद करायची कमांड दिली की पहिला प्रसंग ‘क्विटप्री’. या क्षणी फक्त एक खिडकी बंद होणार आहे की सगळा एडिटर, हे अजून ठरलेलं नसतं. ‘एक्झिटप्री’ येतो तेव्हा निघायचं जवळजवळ नक्की असतं, पण एखादी फाइल सेव्ह करायची राहिली असेल तर बेत रद्द होऊ शकतो. त्यानंतर परतीची वाट नाही. उघड्या खिडक्या आणि फाइली एकेक करून मिटल्या जातात, प्रत्येकीचा आपला प्रसंग उडतो. मग येतो ‘व्हिमलीव्हप्री’. मग व्हिम आपली आठवणींची फाइल, म्हणजे ‘व्हिमइन्फो’, लिहून टाकतो: काय शोधलं, कोणत्या कमांड दिल्या, कोणत्या ओळीवर खुणा ठेवल्या. आणि अगदी शेवटी ‘व्हिमलीव्ह’.

शेवटच्या दोघांत फरक एवढाच की मधे आठवणींची फाइल लिहिली जाते. एवढाच, पण पुरेसा. जाता जाता शोधलेल्या शब्दांचा इतिहास पुसून टाकायचा असेल तर ते काम व्हिमलीव्हप्रीमध्ये हवं. व्हिमलीव्हमध्ये पुसलं तर फाइल आधीच लिहून झालेली असते आणि पुसल्याचा उपयोग शून्य. उलट व्हिमइन्फो फाइलचीच दुसरीकडे नक्कल करायची असेल तर व्हिमलीव्हच योग्य, कारण आधी कराल तर कालची प्रत उचलाल.

सेव्ह करणं हा तर वेगळाच प्रसंग, आणि लोक नेमका इथे गोंधळतात. व्हिममध्ये ‘डब्ल्यू-क्यू’ ही कमांड फाइल बदललेली असो वा नसो, पुन्हा लिहिते. ‘एक्स’ किंवा दोनदा मोठा झेड हे बदल असेल तरच लिहितात. म्हणून सेव्ह झाल्यावर चालणारी कमांड पहिल्या वाटेने नेहमी चालते आणि दुसऱ्या वाटेने कधी चालते, कधी नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एडिटर बंद झालेलाच दिसतो.

आता लोक या खुंट्यांना टांगतात काय? बरंचसं साधं, कधी किरकोळ वाटेल इतकं साधं. व्हिमच्या निओव्हिम या नव्या अवतारातून बाहेर पडल्यावर टर्मिनलमधला कर्सर जाड चौकोनीच राहतो. ज्यांना बारीक उभी रेघ आवडते ते जाता जाता कर्सर पूर्ववत करायला सांगतात. एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणारं टीमक्स वापरणारे त्याच्या खिडकीला फाइलचं नाव देतात आणि निघताना ते काढून घेतात. उघड्या फाइली, खिडक्यांची मांडणी, सगळं एका सेशन फाइलमध्ये लिहून ठेवणं हा सर्वांत लोकप्रिय उपयोग. उद्या तेच सेशन उघडलं की काम काल सोडलं तिथूनच सुरू होतं. लाटेकवाले कचरा आवरतात. एक प्रबंध छापायचा तर लाटेक शेजारी ऑक्स, लॉग, टॉक, आउट अशा शेपटांच्या फाइलींची रांग लावतं. लाटेकएमके नावाचं हत्यार एका कमांडमध्ये ती साफ करतं आणि ती कमांड बंद होण्याच्या प्रसंगाला टांगली की फोल्डर आवरलेलं राहतं. साफसफाईची ही हौस मला थोडी जास्तच वाटते. त्या फाइलींत पानक्रमांक आणि संदर्भ साठवलेले असतात, त्या गेल्या की दुसऱ्या दिवशीची पहिली छपाई पुन्हा दोन-तीन फेऱ्या घेते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांना मात्र एक उपयोग खरोखर गरजेचा आहे. व्हिमच्या दोन अवस्था असतात. एकीत कळा मजकूर लिहितात, दुसरीत त्याच कळा हुकूम असतात. हुकूम इंग्रजी अक्षरांचे. संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर खाली जायच्या ‘जे’ कळेवर र उमटतो, वर जायच्या ‘के’वर क. बंद करायचा हुकूम म्हणजे कोलन आणि क्यू. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळा दाबल्या की व्हिमला मिळतो ‘छौ’. छौ म्हणजे काय ते व्हिमला ठाऊक नाही, तो नुसता पीं करतो. व्हिममधून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न जगभर चेष्टेचा विषय आहे, पण मराठी टंकणाऱ्याची अडचण त्याहून एक पायरी पुढची: उत्तर माहीत असूनही बाहेर पडता येत नाही! यावर इलाज ऑटोकमांडचाच. लिहायची अवस्था सोडताच आत्ता कोणता कीबोर्ड आहे त्याची नोंद करून इंग्रजीवर जायचं, लिहायच्या अवस्थेत परतताच नोंद पाहून देवनागरीवर. लिनक्सवर आयबस ही व्यवस्था असेल तर ही अदलाबदल एका छोट्या कमांडने होते. आणि व्हिमलीव्हला तिसरी कमांड टांगायची, की एडिटर उघडण्यापूर्वी कीबोर्ड जसा होता तसा करून जा. ही तिसरी गाळली तर मेलच्या खिडकीत जाऊन मराठी लिहू पाहणाऱ्याला इंग्रजी अक्षरं भेटतात आणि संशय कीबोर्डवर जातो.

या सगळ्या कमांड क्षणात उरकतात. अडचण सुरू होते ती जाता जाता मोठं काम अंगावर घेतलं की. अनेकजण आपली टिपणं गिट या साधनाच्या ताब्यात ठेवतात, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. एडिटर बंद होताच बदलांची नोंद आपोआप व्हावी आणि ती दूरच्या सर्व्हरवर ढकलली जावी, हा विचार स्वाभाविक. नोंद करणं आपल्याच डिस्कवरचं काम, त्याला वेळ लागत नाही. ढकलणं मात्र नेटवर्कचं. नेट धीमं असेल तर बंद केलेला एडिटर पडद्यावर तसाच खिळून बसतो. माणूस वैतागतो आणि टर्मिनलची खिडकीच मिटतो, म्हणजे ज्यासाठी हे सगळं केलं तेच काम अर्धवट तुटतं.

मग कोणी सुचवतं, हे काम पाठीमागे सोडून द्या आणि एडिटरला जाऊ द्या. व्हिममध्ये असं पार्श्वभूमीला चालणारं काम सुरू करायची सोय आहे. पण त्या सोयीचा अंगभूत नियम असा की व्हिम संपला की त्याने सुरू केलेल्या अशा कामांना तो ‘आता संपवा’ असा सिग्नल देऊन जातो. म्हणजे निघताना सुरू केलेलं काम निघतानाच मारलं जातं. नियम बदलता येतो, किंवा काम शेलच्या हवाली करून त्याची एडिटरशी असलेली नाळ तोडता येते. माझं मत विचाराल तर नोंद बंद होताना करावी आणि दर तासाला सर्व्हरवर ढकलण्याचं काम ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनला द्यावं. टिपण पन्नास मिनिटं उशिरा सर्व्हरवर पोचलं म्हणून कोणाचं बिघडत नाही.

आणखी दोन खोड्या नवशिक्यांना छळतात. व्हिमलीव्ह हा सगळ्या एडिटरचा प्रसंग, एका फाइलीचा नव्हे. ‘फक्त लाटेकची टेक्स फाइल असेल तर’ अशी अट त्याला घातली तर ती अट निघायच्या क्षणी समोर असलेल्या फाइलीला लावून पाहिली जाते. दिवसभर प्रबंध लिहिला आणि शेवटी सहज एखादी दुसरी फाइल उघडून तिथूनच बाहेर पडलात, तर कमांड चालतच नाही. दुसरी खोडी उलट आहे, कमांड तीन-तीनदा चालते. सेटिंगची फाइल पुन्हा वाचायला लावली की तिच्यातली प्रत्येक ऑटोकमांड जुनीच्या जोडीला नव्याने नोंदली जाते. जुनी पुसली जात नाही. म्हणून जाणकार आपल्या ऑटोकमांड एका नावाच्या गटात बांधतात आणि गटाची पहिली ओळ ‘आधीचं सगळं पुसा’ अशी ठेवतात.

ईमॅक्सचा स्वभाव वेगळा. १९७६च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून तो उभा राहिला, आणि आज वापरात असलेला ग्नू ईमॅक्स स्टॉलमननेच १९८५मध्ये लोकांसाठी खुला केला. त्याच्या दारात दोन चौक्या आहेत. पहिलीवर निघायला परवानगी विचारली जाते: इथे नोंदलेल्या प्रत्येक फंक्शनने होकार दिला तरच पुढे जायचं, एकानेही नकार दिला की निघणं रद्द. दुसरी चौकी ‘किल ईमॅक्स हूक’ची, तिथे नकाराची सोय नाही, फक्त आवराआवर. हे वेगळेपण मला फार शहाणपणाचं वाटतं. ‘अजून एक प्रोग्रॅम चालू आहे, खरंच जायचं का?’ हे विचारण्याची जागा आणि ‘जाताना यादी लिहून ठेव’ हे सांगण्याची जागा एक असता कामा नये, कारण आवराआवर सुरू झाल्यावर कोणी ‘थांब’ म्हणालं तर अर्धं घर आवरलेलं आणि अर्धं पसरलेलं अशी अवस्था होते.

पण ईमॅक्सच्या पक्क्या वापरकर्त्यांची गंमत अशी की ते ईमॅक्स बंदच करत नाहीत. संगणक सुरू झाला की ईमॅक्स पडद्यामागे सर्व्हर म्हणून उठतो, लागेल तेव्हा त्याची खिडकी उघडायची, काम झालं की मिटायची. आतला ईमॅक्स आठवडेच्या आठवडे जिवंत. अशा माणसाने सगळी मदार किल ईमॅक्स हूकवर ठेवली तर ती कमांड कधी चालणार? अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी ठेवणारं ‘रिसेंटएफ’ वर्षानुवर्षं आपली यादी याच हूकवर डिस्कवर लिहीत आलं. तीन आठवडे चाललेला ईमॅक्स वीज जाऊन मेला की तीन आठवड्यांची यादी गेली. शेजारच्या ‘सेव्हहिस्ट’ने मात्र जपून पाऊल टाकलं. ते निघताना लिहितंच, शिवाय दर ३०० सेकंदांनीही लिहितं. म्हणून अनेक ईमॅक्सवाले रिसेंटएफलाही हाताने एक टायमर जोडून देतात.

वीज जाणं हा एक भाग झाला. सिग्नलांमध्येही एक असा आहे की जो पकडताच येत नाही. क्रमांक १५चा सिग्नल म्हणजे ‘संपवा’ ही विनंती. ती ऐकून व्हिम आणि ईमॅक्स दोघंही आपली आवराआवर करतात. क्रमांक १च्या हँगअपलाही करतात. आज टेलिफोन नसला तरी टर्मिनलची खिडकी मिटली किंवा सर्व्हरशी जोडणी तुटली की तोच जुना सिग्नल येतो. व्हिम अशा वेळी ‘डाइंग’ नावाच्या एका चलात नोंद करतो की हे नेहमीचं जाणं नाही, आणि तुमची कमांड ती नोंद पाहून वेगळं वागू शकते. ही सोय समजावताना व्हिमच्या अधिकृत मदतपुस्तिकेत जे उदाहरण दिलंय त्यात एडिटर मरता मरता पडद्यावर एक लांबलचक किंकाळी छापतो. ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१पासून २०२३मध्ये मरेपर्यंत व्हिम सांभाळला, आणि अशी मिश्किली त्या पुस्तिकेत ठिकठिकाणी आढळते.

क्रमांक ९ मात्र विनंती नाही. तो प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही, लिनक्स परस्पर त्या प्रोग्रॅमला संपवतं. मेमरी अपुरी पडली की लिनक्स स्वतःहून एखादा प्रोग्रॅम बळी देतं तेही याच क्रमांकाने. इथे हूक नाही, ऑटोकमांड नाही, किंकाळीही नाही. मजकूर वाचतो तो निघताना केलेल्या कामामुळे नव्हे, तर चालू असताना गुपचूप होत राहिलेल्या नोंदींमुळे. व्हिम २०० अक्षरं टाइप झाली की किंवा चार सेकंद हात थांबला की स्वॅप फाइलमध्ये मजकूर उतरवतो. ईमॅक्स ३०० कळांनंतर किंवा साधारण ३० सेकंदांच्या विश्रांतीनंतर. हे आकडे बदलता येतात, पण ते मुळात इतके लहान ठेवलेत यावरूनच कळतं की एडिटर लिहिणाऱ्यांचा शेवटच्या क्षणावर किती विश्वास होता.

आत्तापर्यंत काम एडिटरच्याच गळ्यात होतं. मागे राहणाऱ्याच्या गळ्यात ते घालण्याची रीत मात्र जास्त साधी आहे आणि मला जास्त पसंत. शेलमध्ये एडिटरची कमांड लिहून पुढे अर्धविराम द्यायचा आणि दुसरी कमांड लिहायची, बस. एडिटर मिटेपर्यंत शेल थांबतो, मग पुढचं चालवतो. एडिटर कुठलाही असो, नीट मिटो की मारला जावो, पुढची कमांड चालते. अर्धविरामाऐवजी दोन अँपरसँड दिले तर एडिटर सुखरूप बंद झाला असेल तरच चालते.

युनिक्सची कितीतरी जुनी साधनं याच थांबण्यावर उभी आहेत. क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनचं वेळापत्रक, संपादायला घेतला की तो एक तात्पुरती प्रत काढतो, तुमच्या आवडीचा एडिटर उघडून देतो आणि वाट पाहत बसतो. एडिटर मिटला की प्रत बदलली आहे का पाहतो. बदल नसेल तर तसं सांगून गप्प, असेल तर तपासून नवं वेळापत्रक बसवतो, चूक सापडली तर पुन्हा संपादायचं का विचारतो. व्हीसुडो याहून कडक. कोणाला संगणकाचे सर्वाधिकार मिळावेत हे ठरवणारी फाइल त्यातून बदलतात. त्या फाइलीत एक चूक झाली तर दुरुस्त करायला लागणारे अधिकारही जाऊ शकतात. म्हणून तो फाइलीला कुलूप घालतो, एडिटर मिटल्यावर व्याकरण तपासतो आणि चूक असेल तर तीन पर्याय देतो: पुन्हा संपादा, बदल टाकून द्या, किंवा चुकीसकट ठेवा. तिसऱ्यासाठी मुद्दाम मोठा क्यू लागतो आणि समोर धोक्याची सूचना लिहिलेली असते.

गिटमध्ये नोंदीचा संदेश लिहितानाही हेच घडतं. पण इथे एडिटरने जाताना काय ‘म्हटलं’ यालाही अर्थ आहे. युनिक्समधला प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक अंक मागे सोडतो: शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघाड. संदेश लिहिता लिहिता मन बदललं, तर सेव्ह न करता नुसतं बाहेर पडून नेहमी भागत नाही. जुन्या नोंदीचा संदेश दुरुस्त करत असाल तर फाइलीत जुना संदेश असतोच आणि गिट तो खुशाल स्वीकारतो. त्यासाठी व्हिममध्ये ‘सी-क्यू’ ही कमांड आहे. ती मुद्दाम बिघाडाचा अंक सोडून बाहेर पडते, गिटला इशारा कळतो आणि नोंद रद्द होते. वर्षानुवर्षं व्हिम वापरणाऱ्या अनेकांना ही कमांड ठाऊक नसते.

थांबण्याच्या या व्यवस्थेला तडा जातो तो खिडक्यांच्या जमान्यातल्या एडिटरमुळे. व्हीएस कोड किंवा सबलाइम टर्मिनलमधून उघडला की तो आधीच चालू असलेल्या आपल्या खिडकीला निरोप देऊन लगेच परततो. गिटला वाटतं एडिटर बंद झाला. तो फाइल पाहतो, संदेश रिकामा, नोंद रद्द. आणि इकडे तुम्ही अजून पहिला शब्द लिहिताय. म्हणून दोघांनाही ‘थांब’ असा खास पर्याय देऊन उघडावं लागतं, आणि व्हिमच्या खिडकीवाल्या अवतारालाही.

दुसरी अडचण जास्त सूक्ष्म. मॅकवर क्रॉनटॅब व्हिममध्ये बदलून सेव्ह केला की ‘तात्पुरती फाइल जागच्या जागी बदलायला हवी’ अशी तक्रार अनेकांना भेटली आहे. कारण व्हिम काही वेळा सेव्ह करताना जुन्या फाइलीचं नाव बदलून तिची बॅकअप करतो आणि त्याच नावाची नवी फाइल लिहितो. नाव तेच, पण डिस्कच्या लेखी ती दुसरीच फाइल. क्रॉनटॅब पहिलीवरच नजर ठेवून बसलेला, त्या नावामागे दुसरीच फाइल दिसताच तो तक्रार करून थांबतो. व्हिमला ‘बॅकअप घेताना नक्कल कर, नाव बदलू नको’ असं सांगितलं की प्रश्न मिटतो.

आपोआप चालणाऱ्या कमांडची एक काळी बाजूही आहे: ती कोणी लिहिली? व्हिमला एक सेटिंग देता येतं की ज्या फोल्डरमध्ये उघडलास तिथली सेटिंगची फाइल आपणहून वाच. दुसऱ्याच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये असं केलं तर तुमचा एडिटर बंद होताना त्याची कमांड चालू शकते. म्हणून हे सेटिंग मुळात बंद असतं. मजकुराच्या फाइलीतच एडिटरसाठी सूचना लिहायची मोडलाइन ही सोय याहून सौम्य, तिच्यातून फक्त काही पर्याय बदलता येतात, असं समजलं जाई. २०१९मध्ये उघड झालं की तिच्यातल्या एका फटीतून नुसती फाइल उघडूनही परकी कमांड चालवता येत होती. व्हिम आणि निओव्हिम दोघांनाही तातडीने दुरुस्ती करावी लागली. गिटने हा धोका आधीच ओळखला होता. दुसऱ्याचं रिपॉझिटरी उतरवून घेतलं तरी त्याचे हूक तुमच्याकडे येत नाहीत.

नव्या एडिटरांनी या साऱ्या प्रश्नाला बगल दिली आहे. व्हीएस कोड आणि सबलाइममध्ये ‘हॉट एक्झिट’ असतं. सेव्ह न केलेला मजकूर असतानाही एडिटर मिटा, तो काही विचारत नाही, मजकूर आपल्यापाशी ठेवतो आणि पुढच्या वेळी तसाच समोर आणतो. २०२३पासून विंडोज ११चं नोटपॅडही असंच वागतं. ‘सेव्ह करायचं का?’ हा वर्षानुवर्षांचा प्रश्न तिथून गेला. वापरणाऱ्याची सोय झाली, पण सेव्हच्या प्रसंगाला टांगलेली कमांड अशा वेळी चालत नाही, कारण सेव्ह झालेलंच नसतं. डिस्कवरच्या फाइलीत अजून सकाळचाच मजकूर असतो. नोटपॅड मिटून तीच फाइल मेलला जोडून पाठवली तर समोरच्याला सकाळची प्रत मिळते.